सालवेस्त्रोचे मिझेरेरे

जखऱ्याचा तो काशाचा पुतळा पाहण्यासाठी आता मिलान आणि रोमहूनही माणसे येतात, आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या ओठांपाशी थांबतो. अविश्वासापायी ज्याची वाचा देवाने काढून घेतली होती, त्या वृद्ध याजकाच्या मुखातून आता शब्द बाहेर पडणार आहे आणि अजून पडलेला नाही, असा तो क्षण आहे. खालचा ओठ वरच्या ओठापासून नुकताच सुटला आहे. त्या दोहोंमधून जेमतेम सुरीचे पाते जाईल. पाहणारे शिल्पकार वान्नीची स्तुती करतात आणि ती यथार्थच आहे. परंतु ते ओठ काशात कसे उतरले हे त्यांना ठाऊक नसते. मी त्या दिवशी तेथे होतो. एवढेच नव्हे, तर तो पुतळा कायमचा नष्ट व्हावा इतकी मोठी चूक माझ्याच मुखातून घडत होती. म्हणून हे सांगण्याचे ऋण माझ्यावर आहे.

मी बेनिन्यो, या वस्तीचा पाद्री. आमच्या चर्चच्या मागच्या भिंतीला लागूनच ओतारी सालवेस्त्रोची ओतशाळा. फ्लॉरेन्समधल्या निम्म्या घंटा त्याच्या हातच्या. माणूस अत्यंत मितभाषी. "हो", "नको", "आण", "थांब", एवढ्या चार शब्दांत त्याची ओतशाळा चाले. उरलेले काम भुवया आणि बोटे करीत. लोक त्याला आदराने 'मौनी' म्हणत. शुक्रवारी आम्ही पश्चात्तापाचे स्तोत्र म्हणतो, ज्याला त्याच्या पहिल्या शब्दावरून मिझेरेरे असे नाव आहे. ते संपून लोक उठले, मेणबत्त्या विझल्या, तरी सालवेस्त्रो गुडघ्यांवरच असे. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. शेजारी त्याची पत्नी मोना बार्तोला त्याच्यासाठी थांबलेली असे. त्या दीर्घ प्रार्थनेचा दाखला मी एकदा प्रवचनातही दिला होता. "भक्ती शिकायची असेल तर आपल्या ओताऱ्याकडे पाहा," असे म्हणालो होतो. तेव्हा बार्तोलाने मान खाली घातली. मला तो विनय वाटला.

जखऱ्याचा पुतळा ओतण्याचे काम वान्नीने त्याच्याकडे आणले, तेव्हा वान्नी सत्तरीच्या पुढे गेला होता. तीन वर्षे खपून त्याने मेणाची मूर्ती घडवली, आणि ती पुरी होता होता त्याच्या दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पडदा उतरला. शेवटचे ओठ त्याने पाहून नव्हे, करंगळीने चाचपून कोरले, असे तो स्वतःच सांगे. पुढे मूर्तीवर मातीचे लेप चढले, साचा भाजला गेला, मेण वितळून वाहून गेले. आता त्या मूर्तीपैकी जगात काय उरले होते? साच्यातली पोकळी. ती काशाने भरली तर जखऱ्या. न भरली तर काहीच नाही, आणि पुन्हा मेण हाती घ्यायला वान्नीला डोळे नव्हते.

नोव्हेंबरातला तो गुरुवार होता. साचा खड्ड्यात उभा पुरलेला, भोवती माती ठोकून बसवलेली, भट्टी पहाटेपासून पेटलेली. दुपारी मी जेवायला बसलो असताना सालवेस्त्रोचा पुतण्या नार्दो धावत आला. हा ओतशाळेचा मुकादम. चुलता जितका मुका, तितकाच हा बोलका.

"पाद्रीबाबा, उठा! काका आडवे झाले."

"देवा! मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊ का?"

"तेल नको, लॅटिन घ्या!" तो दम खात म्हणाला. "दर चौथ्या दिवशी येणारा त्यांचा हिवताप या खेपेस तिसऱ्याच दिवशी आला. भट्टीच्या तोंडाशीच कोसळले. पलीकडच्या खोलीत निजवलंय, काकू जवळ आहेत. शुद्ध येते-जाते. आणि इकडे तांबं वितळलंय, बाबा, अगदी आरशासारखं! आता थांबलो तर भट्टीतच गोठेल. मग भट्टी फोडा, तांबं फोडा, माझं डोकंही फोडा."

"मग ओत. मी त्यात काय करणार?"

त्याने कमरेची एक मळकी वही काढून माझ्यापुढे धरली. सालवेस्त्रोच्या हातची एक ओळ होती: *कथील घातल्यावर झाकण बंद. तीन मिझेरेरे. मग डट्टा फोडणे.*

यात नवल काही नव्हते. थोडा वेळ आम्ही प्रार्थनांनीच मोजतो: अंडे उकडते ते तीन 'नमो मरियां'त, आणि जखमेवर दाबलेला बोळा काढतात तो एका 'आमच्या बापा'नंतर. प्रत्येक ओताऱ्याची भट्टी वेगळी, म्हणून प्रत्येकाचा मंत्रही वेगळा.

"हे काका स्वतःच मोजायचे," नार्दो म्हणाला. "आम्हाला पाच पावलं मागे उभं करायचे आणि भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात म्हणायचे. आमच्यापैकी कुणाला सबंध येतच नाही. माझं लॅटिन म्हणजे शेळीचं बेंबाटणं. एक ओळ चुकली तरी घात. म्हटलं, आपल्या पाद्रीबाबांसारखं शुद्ध लॅटिन अख्ख्या नगरात कुणाचं आहे?"

खोटे कशाला सांगू, ते ऐकून मी सुखावलो. लॅटिनचे उच्चार मी बोलोन्याच्या एका कठोर गुरूपाशी शिकलो होतो. ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ. माझ्या पठणात एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे. हातातला भाकरीचा तुकडा तसाच ठेवून मी निघालो.

ओतशाळेत उष्णतेने श्वास अडत होता. दहा-बारा माणसे कमरेपर्यंत उघडी, घामाने चकाकणारी. कोपऱ्यात तिवईवर वान्नी बसला होता. दिसत नसले तरी तोंड भट्टीकडेच. माझी चाहूल लागताच म्हणाला, "कोण, पाद्रीबाबा? या. माझे डोळे तर गेलेच आहेत. आज उरलेला मीही जातो की राहतो ते बघायला या."

"असं अभद्र बोलू नये, मास्त्रो."

"अभद्र नाही हो. घाबरलोय."

नार्दोने कथिलाच्या कांबी आत सोडल्या, लांब ओल्या लाकडाने ढवळले आणि भट्टीचे लोखंडी झाकण पाडले. झाकणाच्या मध्यभागी डोळ्याएवढे छिद्र होते. त्यातून मी पाहिले: मघाशी सूर्यासारखा असलेला तो रस थंड कथील पडताच मंदावला होता, आणि त्यावर दुधावरच्या सायीसारखी काळपट साय धरू लागली होती.

"म्हणा, बाबा."

मी क्रूसाची खूण केली आणि आरंभ केला. माझा स्वर स्थिर होता. पहिले स्तोत्र निर्दोष झाले, दुसरेही. तिसऱ्याच्या शेवटास नार्दोने उंच, धिप्पाड गोरोला खूण केली. गोरोने भट्टीच्या तळाशी रस अडवून धरणारा मातीचा डट्टा फोडायची लांब पहार खांद्याशी घेतली. मी शेवटचा शब्द उच्चारला आणि हात उंचावला.

"थांबा!"

खोलीच्या दारात मोना बार्तोला उभी होती. हातात ओले फडके, बाह्या वर सारलेल्या. ती सरळ चालत आली आणि गोरोच्या पहारीपुढे, डट्ट्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काकू, बाजूला व्हा! भाजाल!"

"किती झाली?"

"तिन्ही झाली! बाबांनी म्हटली. जास्त थांबलो तर कथील जळून जाईल. सरा ना!"

"तीन कशी होतील? मी फडकं दोनदा भिजवलं तेवढ्यात तीन?" तिने माझ्याकडे पाहिले. "बाबा, किती घाईनं म्हटलंत?"

मला राग आला, हे मी कबूल करतो. "बाई, मी घाईनं म्हटलं नाही. जसं म्हणायला हवं तसंच म्हटलं. नगरातला कुठलाही विद्वान बोलवा आणि विचारा."

"विद्वानाची नाही ही भट्टी. ह्यांची आहे."

"म्हणजे काय?"

तिचे डोळे खोलीच्या दाराकडे वळले, तेथून माणसांकडे आणि पुन्हा दाराकडे. नार्दो पाय आपटत होता. वान्नी तिवईवरून उठून चाचपडत दोन पावले पुढे आला होता. तिच्या चेहऱ्यावर जो संघर्ष चालला होता त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

"तुमच्या काकांचं मिझेरेरे एवढ्यात संपत नाही," अखेर ती हळूच म्हणाली.

"काका लॅटिन झोपेत म्हणतात की काय?" गोरो पुटपुटला. दोघे-तिघे हसले.

"झोपेत नाही, मेल्या. अडखळत." ती आता मोठ्याने बोलली. "ह्यांची जीभ अडते. लहानपणापासून. 'म' आला की अडते, 'प' आला की अडते, 'व'ला तर भिंतच असते. म्हणून हे चार शब्दांत संसार करतात. लग्नात 'हो' म्हणायला इतका वेळ लागला की माझी आई रडायला लागली. तिला वाटलं, पोराचं मन बदललं. एकतीस वर्षं हे कुणाला कळू दिलं नाही, मीही दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून का मोजतात, वाटलं तुम्हाला? तुम्ही बघू नये म्हणून."

मला माझे प्रवचन आठवले, आणि तिची खाली गेलेली मान. मिटलेले डोळे, हलणारे ओठ, विझलेल्या मेणबत्त्या! मी ज्याला समाधी समजलो तो एक माणूस एका अक्षराशी झुंजत होता.

"शुक्रवारी तुम्हा सगळ्यांचं एक संपतं," बार्तोला म्हणाली, "तेव्हा हे 'एजोबाने मला शिंपड'पाशी असतात. म्हणजे अर्ध्यावर. तुमची तीन झाली, म्हणजे ह्यांचं दीड झालं."

"काकू, आणि तुमचं चुकलं तर?" नार्दोचा आवाज रडवेला झाला होता. "कथील जळलं तर रस लापशीसारखा होईल. मास्त्रो वान्नींचं सगळं गेलं समजा!"

वान्नी म्हणाला, "आणि लवकर फोडलं तर?"

"तर पाय भरतील, अंगरखा भरेल, आणि तोंडाशी येईपर्यंत थिजेल," नार्दो म्हणाला.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. वहीत तीन लिहिले होते आणि तीन मी दिली होती. शास्त्र माझ्या बाजूस होते. मी झाकणाच्या छिद्राला डोळा लावला. ती काळपट साय अद्याप तशीच होती. फक्त कडेला, बोटभर जागेत, ती फाटून आतले तेज दिसू लागले होते.

"पहार खाली ठेव, गोरो," मी म्हणालो. "मोना बार्तोला, उरलेलं दीड तुम्ही म्हणा."

"मला त्याचा सबंध अर्थ येत नाही, बाबा."

"मला अर्थ येतो. वेळ तुम्हाला येते. म्हणा."

तिने डोळे मिटले आणि एजोबाच्या, पवित्र पाणी शिंपडायच्या त्या झुडपाच्या, ओळीपासून आरंभ केला. तिच्या लॅटिनची चाळण झालेली होती. विभक्ती गळालेल्या, स्वर वितळलेले. परंतु प्रत्येक अडथळा तिला पाठ होता. अमुक शब्दावर तीनदा ठेचकळायचे, तमुक शब्दापूर्वी श्वास रोखून धरायचा, मग एकाएकी उतारावरून गाडा सुटावा तशा पुढच्या दोन ओळी धावत जायच्या आणि पुन्हा पुढच्या 'म'वर जाऊन आदळायच्या. एकतीस वर्षे त्याच्या शेजारी गुडघे टेकून, त्याची कुजबुज ऐकत तिने तो मार्ग खड्ड्याखड्ड्यांसह आपलासा केला होता. मला मोठमोठ्या गायकवृंदांचे पठण ऐकण्याचे भाग्य लाभले आहे. इतक्या निष्ठेने जतन केलेला पाठ मी दुसरा ऐकलेला नाही.

आरंभी कोणीतरी फिसकन हसले, आणि मघाशी स्वतःच थट्टा करणाऱ्या गोरोने हसणाऱ्याच्या पायावर पाय दिला. मग कोणी हसले नाही. दुसरे स्तोत्र पुरे होऊन तिसरे सुरू झाले. मी छिद्रातून पाहत होतो. साय आक्रसत गेली, तिची बेटे झाली, बेटांचे ठिपके झाले.

तिसऱ्याच्या मध्यावर बार्तोलाचा आवाज कापू लागला, बहुधा धुराने. ती एका शब्दावर अडखळली आणि तिलाच कळेना की हा अडथळा त्याचा की आपला. ती थांबली. नार्दोने तोंडावर हात घेतला.

त्याच वेळी तो शब्द दुसऱ्या स्वरात, दाराच्या दिशेने, ऐकू आला.

सालवेस्त्रो चौकटीला धरून उभा होता. अंगावर घोंगडी, दाढी घामाने चिकटलेली. तो भिंतीकडे नव्हे, आपल्या माणसांकडे तोंड करून उभा होता. बार्तोला धावत जाऊन त्याच्या काखेखाली शिरली. त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. भट्टीकडे दृष्टी लावून तो स्तोत्र पुढे नेऊ लागला. जेथे तो अडे तेथे त्याचा जबडा ताणला जाई, मानेच्या शिरा फुगत, उजवा हात मांडीवर हळूहळू आपटे. मग शब्द सुटे. मी पापण्याही न लववता पाहत होतो, आणि तरीही मला त्यात लज्जास्पद असे काही दिसले नाही.

शेवटची ओळ आली. त्या ओळीचा शेवटचा शब्द आहे 'वितुलोस', म्हणजे वेदीवर अर्पण करायची वासरे. 'व'ला भिंत असते, असे बार्तोला म्हणाली होती.

गोरोने पहार उचलली. सालवेस्त्रोने तोंड उघडले. "व—" आणि पुढे काही नाही. "व— व—"

बारा माणसे श्वास धरून उभी. गोरोच्या दंडाचे स्नायू उडत होते. मला तो शब्द येत होता, नार्दोलाही येत असावा. कोणाच्याही ओठांवरून तो सहज सांडला असता. कोणीही तो उच्चारला नाही. आम्ही थांबलो. छिद्रातून भट्टीचा प्रकाश आता शुभ्र होऊन पडत होता.

"—वितुलोस!" सालवेस्त्रो ओरडला, आणि लगेच, न अडखळता, "फोड!"

डट्टा फुटला. रस पन्हळीतून पाण्यासारखा, खरोखर पाण्यासारखा, खळाळत गेला आणि साच्याच्या तोंडात शिरला. हवा जाण्याच्या नळ्यांतून आधी धूर आला, मग ज्वाळा, मग प्रत्येक नळीच्या तोंडाशी काशाचा एकेक लाल थेंब वर येऊन उभा राहिला. साचा काठोकाठ भरला होता. नार्दो मटकन खाली बसला आणि रडू लागला. कोणीतरी सुरई आणली. वान्नी एकच विचारत होता, "भरलं? अरे, कुणीतरी सांगा, भरलं का?" मी त्याचा हात धरून म्हणालो, "भरलं, मास्त्रो." पण साच्याच्या आत काय झाले आहे हे मला तरी कोठे ठाऊक होते?

पाच दिवस साचा निवत राहिला. सालवेस्त्रोचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, आणि बार्तोलाने त्याला वाटाण्याचे कढण पाजले. मी भेटीस गेलो तेव्हा ती उशाशी बसून भाजी निवडत होती, आणि दोघांमध्ये काही अबोला असावा अशी मला शंका आली.

"रागावले आहेत का?" मी हळूच विचारले.

"विचारा ना त्यांनाच. आता सगळ्यांसमोर बोलतात ते."

सालवेस्त्रोने उशीवरून मान वळवली. मग म्हणाला, "ए-एकतीस वर्षांचं गु-गुपित हिनं भ-भ-भट्टीत ओतलं."

"ओतलं," बार्तोला भाजीवरून नजर न उचलता म्हणाली. "आणि साच्यात नीट बसलं की नाही, ते मंगळवारी बघू."

त्याच्या पोटातून आधी एक उचकी आली, मग लक्षात आले की तो हसतो आहे. इतक्या वर्षांत मी त्याचे हसणे प्रथमच ऐकले. तीही हसली, आणि तिच्या हातातली भाजी जमिनीवर सांडली.

मंगळवारी सकाळी माती उकरली. साचा वरून फोडत आणावा लागतो, म्हणजे आधी मस्तक. सालवेस्त्रोने हातोडी कोणाला दिली नाही. भाजलेल्या मातीचे कपचे पडू लागले: केस दिसले, कपाळ दिसले, एक कान. मग त्याने हातोडी ठेवली, लहान टोकणी घेतली आणि ओठांवरचा मातीचा शेवटचा पापुद्रा स्वतःच्या फुंकरीने उडवला. वान्नीचा हात धरून त्याने त्याची करंगळी त्या ठिकाणी नेली.

वान्नीची करंगळी खालच्या ओठावरून फिरली, कोपऱ्यात थांबली आणि तिचे नख त्या पात्याएवढ्या फटीत शिरले.

"आहे," तो म्हणाला. मग नख फटीच्या टोकापर्यंत नेऊन, "सगळं आहे. अरे, मी सोडलं होतं तस्सं आहे."

डाव्या टाचेत एक भोक राहिले होते, आणि हातातल्या लिहिण्याच्या पाटीचा एक कोपरा भरला नव्हता. सालवेस्त्रोने दोन्ही ठिकाणी नंतर ठिगळ जोडले. ठाऊक असलेल्यालाच ते दिसते. त्या सकाळी मात्र त्याची चिंता कोणी केली नाही. नार्दो वान्नीला उचलून गोल फिरवत होता आणि म्हातारा ओरडत होता, "ठेव खाली, गाढवा! डोळे गेलेत, आता हाडंही घालवतोस का?"

मी घरी परतलो आणि ते जुने प्रवचन शोधून काढले. जाळावे असे मनात होते. पुन्हा वाचता त्यातले मुख्य वाक्य मला खोटे वाटले नाही. केवळ मी त्याचे कारण चुकीचे सांगितले होते. मी ते परत ठेवून दिले.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही मिझेरेरे म्हटले. शेवटच्या ओळीला लोकांचे स्वर एकेक करून थांबले आणि एकच उरला, मधल्या रांगेतला. तो एजोबापाशी होता. मी मेणबत्ती विझवायला उचललेले टोपण खाली ठेवले. गोरो उठू पाहत होता; तो पुन्हा गुडघ्यांवर आला. कोणी खोकले नाही, कोणी वळून पाहिले नाही. सालवेस्त्रो पुढे गेला, अडला, पुन्हा पुढे गेला. शेवटच्या 'व'पाशी बराच काळ उभा राहिला आणि मग तो ओलांडून पलीकडे पोचला. तेव्हा सगळ्या चर्चने मिळून 'आमेन' म्हटले.

आता परगावचे लोक तक्रार करतात की आमच्या वस्तीत मिझेरेरे फार लांबते. लांबते खरे.